काठावरच्या चपला

शमीमआपा पहिल्यांदा आमच्या कॉलेजात आल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहण्याआधी माझ्या प्रयोगशाळेच्या भिंतीकडे पाहिलं. हातातल्या लोखंडी टोकाच्या काठीने ती दोन-तीन जागी ठोकली, कान लावला, मग काठी वर करून छत ठोकलं. मी अमरावतीच्या त्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचो. माझ्या खोलीत येऊन माझं छत ठोकणारी ही साठीची उंच बाई कोण, असं माझ्या मनात आलं. डोक्यावर पांढरी ओढणी, अंगात साधा सलवार-कमीज, आणि पायात मात्र कामगार घालतात तसले जाडजूड चामडी बूट.

"सर, हे टेबल तिकडं सरकवा," आपा म्हणाल्या. "छत पोकळ बोलून राहिलं."

मी हसून विषय टाळला. वीस वर्षं त्याच टेबलावर मी मुलांना दगड ओळखायला शिकवत होतो, आणि ही बाई मला छताचं बोलणं सांगत होती. पंधरा दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी, बरोबर त्या टेबलावर छताच्या प्लास्टरची घमेलंभर खपली पडली. आमच्या शिपायाने ही गोष्ट कॉलेजभर अशी रंगवून सांगितली की प्राचार्यांनीही आपल्या खोलीचं छत ठोकून घ्यायची इच्छा व्यक्त केली. तेव्हापासून आपा सांगतील ते मी निमूटपणे ऐकायला लागलो.

आमच्या कपाटातले तिवसा भागातले दगडांचे नमुने पाहायला त्या आल्या होत्या. मी मोठ्या अभिमानाने कपाट उघडलं. चिठ्ठ्या लावलेले, धुऊनपुसून ठेवलेले दगड. आपांनी दोन-चार हातात घेतले आणि परत ठेवले.

"कपाटात तं समदेच दगड चांगले वागतात," त्या म्हणाल्या. "सर, तुमी आजवर किती इहिरीत उतरले?"

एकाही नाही, हे मला कबूल करावं लागलं. मला खोल जागेची भीती वाटते. भूगर्भशास्त्राच्या माणसाने हे चारचौघांत सांगू नये, पण आपांपुढे लपवून उपयोग नव्हता. त्यांनी मान हलवली, हसल्या मात्र नाहीत. आपा फार क्वचित हसायच्या.

त्यांचे वडील उस्मानमियाँ हे आमच्या भागातले नावाजलेले सुरुंगवाले. काळ्या दगडात विहीर खोदायची तर छिद्रं पाडून, दारू भरून, वात पेटवून बार उडवावे लागतात, आणि उस्मानमियाँचा बार म्हणजे दगड हवा तेवढाच फुटणार, अशी ख्याती. तिवशापासून पार अकोल्याकडे हिवरखेडपर्यंत त्यांना बोलावणी यायची. आठ-नऊ वर्षांची शमीम त्यांच्याबरोबर जायची. विहिरीत चपला घालून कुणी उतरत नाही. देवळात जावं तसं पायातलं काठावर काढून खाली जायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. हिंदू असो, मुसलमान असो, सगळे पाळतात. आणि खोदकाम चालू असलेल्या विहिरीत बाईने उतरायचं नाही, अगदी वाकूनही पाहायचं नाही, नाहीतर पाणी पळतं, हीही रीत. म्हणून शमीमने काठापासून दूर बसायचं आणि अब्बाच्या चपला सांभाळायच्या.

"चपला काठावर असल्या म्हंजे अब्बा खाली," त्या सांगायच्या. "वात पेटवून थे वर आले, चपला पायात घातल्या, मंगच माह्या जिवात जीव ये. मले घड्याळ समजत नव्हतं, पन चपला समजत होत्या."

ही मुलगी पुढे खाणकाम शिकली. वर्गात एकटी मुलगी. पण त्या काळी आपल्याकडे बाईला जमिनीखाली काम करायला कायद्यानेच मनाई होती. नोकरी मिळाली ती ऑफिसात बसून खाणीचे नकाशे काढायची. ज्या बोगद्यांचे नकाशे काढायचे ते कधी डोळ्यांनी पाहायचे नाहीत. चार वर्षं त्यांनी ते केलं आणि मग एका जाहिरातीला अर्ज करून ऑस्ट्रेलिया गाठलं. पश्चिमेकडच्या उजाड मुलखातली सोन्याची खाण. पहिल्या दिवशी त्या खाली नेणाऱ्या लोखंडी पाळण्यात चढल्या तेव्हा दोन म्हातारे कामगार पाळी टाकून घरी निघून गेले. बाई खाली आली की खाण रुसते म्हणे.

"म्या म्हटलं, घ्या! हे बी आमच्याच गावचे निघाले," आपा म्हणायच्या.

त्याच दिवशी त्यांनी खाणीच्या तोंडाशी एक फळी पाहिली. खिळ्यांना पितळी बिल्ले लटकवलेले. खाली उतरणाऱ्याने आपल्या नावाचा बिल्ला फळीवर लावायचा, वर आला की काढून घ्यायचा. फळी मोकळी झाल्याशिवाय सुरुंग पेटवायचा नाही. ती फळी पाहून शमीमआपांच्या डोळ्यांत पाणी आलं. सोबतच्या गोऱ्या साहेबाला वाटलं, पोरगी घाबरली.

"मले काय भेव? मले वाटलं, हे तं अब्बाच्या चपला हायेत. इतक्या दूर येऊन ठेवल्या कोनं?"

त्या फळीवर त्यांनी आपली सगळी कारकीर्द उभी केली. हाताखाली माणसं आली, पाळीच्या प्रमुख झाल्या, खाणीच्या मॅनेजर झाल्या, आणि शेवटी तीन खाणींचा कारभार त्यांच्याकडे आला. त्या कंपनीत इतक्या वर चढलेली पहिली बाई. एकदा फळीवर एक बिल्ला राहिला. माणूस सापडेना. आपांनी खाण बंद केली, वरून मालकांचे फोन येत राहिले, आणि त्या दिवसभर माणसं घेऊन बोगदे धुंडाळत राहिल्या. तो पठ्ठ्या बिल्ला काढायला विसरून घरी जाऊन झोपला होता. सगळे आपांवर हसले.

"हसू द्या," आपा म्हणाल्या. "बिल्ला हाये आन मानूस नाही, हे चालते. मानूस हाये आन बिल्ला नाही, हे वाईट. थे माह्या खाणीत कधीच झालं नाही."

हे वाक्य त्यांनी मला निदान दहा वेळा ऐकवलं असेल. त्यात गर्व होता, आणि तो त्यांना शोभायचा. त्यांचं दुसरं वाक्य होतं, "वर येनं हेच काम हाये. खोदनं त्याच्यानंतर." हे त्या कुणालाही ऐकवायच्या. आमच्या घरी जेवायला आल्या तर जिना चढताना आमच्या हिला ऐकवायच्या.

त्या परत आल्या ती वर्षं आमच्या मुलखाची फार वाईट वर्षं होती. सकाळी पेपर हातात घ्यायची भीती वाटायची. पाणी खाली खाली चाललं होतं आणि त्याच्या मागे माणसं खाली चालली होती. जिकडेतिकडे जुन्या विहिरी खोल करणं चाललेलं. घाईघाईत, जुजबी, वरच्या मातीला बांधकाम न करता. उस्मानमियाँच्या हाताखाली शिकलेला एक जण असाच दरड कोसळून गेला, हे भावाच्या फोनवर कळलं तेव्हा आपा ऑस्ट्रेलियातल्या एका शहरात, कंपनीच्या ऑफिसात एकोणिसाव्या मजल्यावर बसत होत्या. "खालच्या मानसाईची नावं मी इसरून राहिली होती," एवढंच कारण त्यांनी मला सांगितलं. नोकरी सोडून त्या अमरावतीला भावाच्या घरी आल्या आणि दुसऱ्या आठवड्यापासून गावोगावच्या विहिरींवर जायला लागल्या. पुढे पुढे माझ्या स्कूटरवर. माझं छत पडल्याचा हा परिणाम.

जाऊन करायच्या काय? काठाभोवतीची जमीन सब्बलीने, म्हणजे पहारेने, ठोकायच्या, कान लावायच्या. काठाशी त्यांना कुणी जाऊ देत नव्हतं, म्हणून आठ-दहा हातांवरून गोल फिरायच्या. "घट्ट हाये," म्हणायच्या, किंवा "बांधून घ्या, नाही तं उतरू नोका." आणि खोदणाऱ्यांना एकच मागणं: चपला काठावर ओळीने ठेवा, बार उडवायच्या आधी चपला मोजा. जितके जोड, तितकी माणसं.

लोकांना हे चटकन पटलं, कारण नवीन काही करायचं नव्हतं. चपला काढत होतेच, फक्त ओळ लावायची. अडचण वेगळीच निघाली. अर्धी माणसं अनवाणी यायची. चप्पलच नव्हती. तेव्हा आपांनी अमरावतीच्या बाजारातून चपलांचे जोड आणले, निळ्या पट्ट्यांचे, आणि आमच्या व्हरांड्यात बसून पांढऱ्या रंगाने प्रत्येक टाचेवर नाव लिहिलं. उत्तम, शंकर, रहीम, महादेव. रंग वाळेपर्यंत आमच्या घरात कुणाला हिंडायची सोय नव्हती. त्या चपलांना गावात नाव पडलं, 'आपाची चप्पल'.

तिवशाजवळ गुलाबरावांचं संत्र्याचं वावर होतं. बारा वर्षांची बाग, आणि पानं गळायला लागलेली. त्यांची विहीर खोल करण्याचं काम उत्तम मिस्त्रीच्या टोळीकडे होतं. चाळीस-पंचेचाळीस फूट खोल. खाली काळा दगड, पण वरचे पंधरा फूट नुसती काळी माती आणि मुरूम, उघडा. आपांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आधी बांधून घ्या.

गुलाबराव वाईट माणूस नव्हता. तो हात जोडून म्हणाला, "आपा, बांधाले पंधरा दिवस पाह्यजेत. पाच दिवसांत पानी नाही लागलं तं बाग जाते. बारा वर्सं पोरावानी वाढवली."

आपांनी बागेकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहत होतो. ज्या बाईने एका बिल्ल्यासाठी आख्खी खाण बंद केली होती, तिच्याकडून मला नकाराची खात्री होती. पण त्या झाडांच्या फांद्या खरोखर पाहवत नव्हत्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "पन मी रोज येते. सकाळ-दुपार जमीन ठोकते. आन चपला मोजल्याशिवाय काही करू नोका." मग माझ्याकडे वळल्या. "सर, तुमी खाली उतरत नाही. तं निदान चपला पाहा. मी लहानपनी पाहत होती तशा."

मी मोठ्या खुशीत ते काम घेतलं. सावलीत बसून चपला पाहणं माझ्या प्रकृतीला मानवणारं होतं.

चौथ्या दिवशीची गोष्ट. सकाळची न्याहारी करायला सगळे वर आले होते. महादेवला कणकण होती. अंगावर गमछा घेऊन तो म्हणाला, "मिस्त्री, मी घरी जातो, आज होत नाही." उत्तमने जा म्हटलं. महादेव बांधावरून गेलेला आम्ही सगळ्यांनी पाहिला. मग उत्तम, शंकर आणि रहीम खाली उतरले. काठावर तीन जोड. मी मोजले. दगडात छिद्रं पाडणारा ट्रॅक्टरचा कॉम्प्रेसर सुरू झाला, त्याच्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना.

अर्ध्या तासाने आपा विहिरीच्या पलीकडच्या अंगाला एकदम थांबल्या. सब्बल पुन्हा मारली. पुन्हा मारली. मग त्यांनी कॉम्प्रेसरवाल्याला हाताने बंद कर म्हणून खूण केली आणि ओरडल्या, "वर या! हातातलं टाका, वर या!"

शंकर आणि रहीम शिडीने आले. उत्तमला माणसांनी दगड ओढायच्या यारीने ओढून घेतलं. तो काठावर पाय टेकतो न टेकतो तोच समोरची बाजू खाली गेली. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. धान्याचं पोतं सैल पडावं तसा झाला आणि धूळ वर आली.

"चपला?" आपांनी मला विचारलं.

"तीन जोड. तीन माणसं."

"समदे वर," आपा म्हणाल्या आणि सब्बल टाकून खाली बसल्या. आणि हसल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा मनापासून हसताना पाहिलं. गुलाबरावने विहीर गेल्याचं दुःख बाजूला ठेवून चहा मागवला. उत्तम पुन्हा पुन्हा आपांच्या पाया पडत होता, त्या त्याला रागावत होत्या. रहीम आपल्या चपलेवरचं नाव सगळ्यांना दाखवत होता. आम्ही चहा प्यायलो. तो चहा मला अजून आठवतो आणि आठवला की स्वतःची लाज वाटते.

बांधावरून सिंधू आली. महादेवची बायको. डोक्यावर भाकरीचं टोपलं. "दरड पडली म्हनतात," ती म्हणाली. सगळ्यांना धडधाकट पाहून तिने टोपलं उतरवलं. "आन हे कोठी हायेत?"

"घरी गेला नं तो," उत्तम म्हणाला. "ताप होता त्याले."

"घरी नाही आले. मी घरूनच येऊन राहिली. याच वाटेनं."

आपा सिंधूच्या पायांकडे पाहत होत्या. मीही पाहिलं. निळ्या पट्ट्यांच्या, तिच्या पायाला मोठ्या होणाऱ्या चपला. टाचेवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं, महादेव.

"ह्या चपला..." आपांनी बोट दाखवलं.

"थे घालतच नाहीत," सिंधू म्हणाली. "नवी चप्पल चिखलात कायले खराब करा म्हनतात. घरी उतरंडीवर ठेवून देल्या होत्या. आज माही तुटली म्हून मी घातली."

चारही दिवस तो अनवाणीच येत होता. पहिल्या तीन दिवसांत, चारजण खाली आणि तीन जोड काठावर, हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? कारण मी जोड मोजायचो आणि तीन म्हणायचो, आणि तीन हे मला बरोबर वाटायचं. त्या दिवशी महादेव बांधापर्यंत गेला असेल, एकाचा हात कमी पडेल म्हणून परतला असेल. तळाशी आडवी खोदलेली एक कपार होती, त्याचा टिकाव तिथे राहिला होता. तो कधी उतरला, ते धुळीत दगडाला छिद्रं पाडणाऱ्या तिघांना कळलं नाही. तो माझ्या पाठीमागून, चार हातांवरून शिडीकडे गेला असणार. मला तो दिसला नाही, कारण मी चपलांकडे पाहत होतो.

सिंधू काठाकडे धावली तेव्हा दरडीचं ऐकून जमलेल्या बायांनी तिला धरलं. गुलाबराव म्हणत होता, मशीन उद्याशिवाय येत नाही. कुणी म्हणालं, माती अजून सुटून राहिली, उतरेल तो जाईल. मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, आता तीच त्याची समाधी, लोटून द्या माती. आपा कॉम्प्रेसरपासून विहिरीत खाली गेलेल्या लोखंडी पाइपाशी बसल्या होत्या. त्यांनी दगडाने पाइप तीनदा ठोकला आणि कान लावला. पुन्हा तीनदा. पुन्हा कान. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. त्यांचा चेहरा पाहून उत्तर येत नाही हे सगळ्यांना कळत होतं, तरी त्या ठोकत होत्या.

शेवटी उठल्या. "मी उतरते."

"आपा, बाई इहिरीत उतरत नाही," उत्तम म्हणाला. तो रडत होता, तरीही म्हणाला.

बायांच्या हातातून सिंधू म्हणाली, "तं तू उतर. तू उतरतं काय?"

उत्तमने मान खाली घातली.

"जाऊ द्या त्याईले," सिंधू म्हणाली. "पानी पयालं काय अन राह्यलं काय. मले माहा मानूस वर पाह्यजे."

"वर आनते," आपा म्हणाल्या. "जसा असंन तसा. पन वर आनते."

बागेत फळांच्या भाराने वाकणाऱ्या फांद्यांना टेकू द्यायचे बांबू पडलेले होते. आपांनी ते सगळे आणवले. घरांची दारं काढून आणवली, खाटा आणवल्या. मग काठावर बसून त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या. ते जाड बूट काठावर शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं.

"सर, आता मानूस पाहा. चपला नोको."

मी पोटावर पालथा पडून काठावरून खाली पाहत राहिलो. माझी भीती कुठे गेली मला माहीत नाही. ती होतीच, पण तिच्याकडे लक्ष द्यायला वेळ नव्हता. साठीची ती बाई दोराने खाली गेली आणि भिंतीला दार लावून बांबूचा टेकू देऊ लागली. एक टेकू, ठोकून पाहणं, मग दुसरा. दहा मिनिटांनी उत्तमने चपला काढल्या आणि तिच्यामागे उतरला. मग रहीम. मी त्यांची नावं मोठ्याने घेत होतो, कुणी सांगितलं नव्हतं तरी. आपा. उत्तम. रहीम. खालून 'हो' आलं की श्वास घ्यायचो.

सूर्य कलला तेव्हा महादेवला खाटेला बांधून वर आणलं. कपारीत तो बसलेला सापडला, गुडघे जवळ घेऊन. अंगावर जखम नव्हती, श्वासही नव्हता. आपा शेवटी आल्या. मातीने माखलेल्या, हातांची सालटी निघालेली. सिंधूने आपल्या पायातल्या चपला काढल्या आणि महादेवच्या खाटेशी, काठावर, नीट जोडीने ठेवल्या. ते पाहून आपा तोंडावर ओढणी दाबून रडल्या.

त्यानंतर दीड महिना त्या कुणाला भेटल्या नाहीत. एके दुपारी आमच्याकडे आल्या. भिंत ठोकली नाही, जिन्यात काही बोलल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सर, अब्बा चपला मोजत नव्हते."

मला कळेना.

"आता ध्यानात आलं. अब्बा वात पेटवायच्या आधी नाव घेत होते. एकेकाचं. जोरानं. मंग तो मानूस काठावरून 'वर' म्हने. समद्याईचं झाल्यावरच वात. मी दूर बसलेली, लहान. मले नावं ऐकू येत होती, पन समोर चपला होत्या म्हून मले चपला दिसल्या." त्या आपल्या तळहातांवरच्या व्रणांकडे पाहत होत्या. "चाळीस वर्सं मी चपलाच मोजल्या, सर. तिकडं थ्या चालल्या. इथं मानूस चपला जपते."

मी म्हणालो, चूक माझी होती, मी पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, तुमाले पाहाले मीच शिकवलं. आणि गुलाबरावला 'बरं' मीच म्हटलं.

आपांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझी त्यांची शेवटची भेट म्हणावी तर ती भेट नव्हतीच. पुढच्या उन्हाळ्यात मी तिवशाकडे चाललो होतो. रस्त्यालगतच्या एका वावरात विहिरीचं काम दिसलं, वरची बाजू बांधून काढलेली, आणि काठाच्या अगदी जवळ पांढरी ओढणी. आता त्यांना कुणी लांब उभं करत नव्हतं. मी स्कूटर थांबवली, पण आत गेलो नाही.

बार भरून झाला होता, लांब वात काठापर्यंत वर आणलेली होती. माणसं वर येऊन एका ओळीत उभी होती. काही चपला घातलेली, काही अनवाणी. आपा त्यांच्या पायांकडे पाहत नव्हत्या. त्या एकेकाच्या तोंडाकडे पाहून नाव घेत होत्या.

"उत्तम!"

"वर!"

"रहीम!"

"वर!"

"शंकर!"

"वर!"

आणखी दोन-तीन नावं झाली. ओळ संपली. उत्तमने वातीसाठी काडीपेटी काढली, पण पेटवली नाही, तो थांबला होता. आपांनी मान किंचित खाली केली आणि तितक्याच मोठ्याने म्हणाल्या, "महादेव!"

दगडाच्या ढिगाऱ्यावर घमेलं घेऊन उभी असलेली सिंधू वळली.

"वर आले," ती म्हणाली.

मग आपांनी हाताने खूण केली आणि उत्तमने काडी ओढली.